प्रकाशयोजना

ऋजुता शिरवळला गेली जनावरांची डॉक्टर व्हायला,
आणि तिचा हा येमेनी सरडा आला माझ्या गळ्यात.
डोक्यावर तुरा, चालणं जुन्या भाडेकरूसारखं,
एक पाऊल पुढे, मग बराच वेळ विचार.
कागदपत्रं रीतसर आहेत. शेजारच्या खांबेट्यांनी विचारून झालंय.
नाव तात्या.

चाळीस वर्षं नाटकांना उजेड दिला मी.
एका सरड्याला नाही देता येणार?

आधी कुंपण.
म्हणीतलं कुंपण कोणी घातलेलं असतं, कोण जाणे.
इथलं मी घालणार, म्हणजे धाव किती
तेही माझ्याच टेपने ठरणार.
दोन फूट बाय दोन फूट, उंची चार. टेप पुन्हा लावला.
चारच.
काच नको, म्हणाली ऋजुता, हवा कोंडते,
आणि काचेत दुसरा तात्या दिसला
तर हा दिवसभर त्याच्यावर फुगून बसेल.
(माझ्या ओळखीचे दोन नट तसेच गेले.)
बोहरी आळीतून जाळी आणली, नख न अडकणारी.
आत जास्वंद, मनीप्लँट,
पेरूच्या आडव्यातिडव्या फांद्या, बोटाएवढ्या.

वाटीतलं पाणी त्याला पाणी वाटतच नाही.
हलायला हवं, ठिबकायला हवं.
कपाटात सलाईनची एक नळी होती, न फोडलेली,
मालतीच्या वेळची.
ती वर टांगली. थेंब जास्वंदीच्या पानावर आला, लोंबला.
त्यानं पानालाच तोंड लावलं.
मी चाक फिरवून वेग जरा कमी केला.
हाताला सवय होती.

मग तापकीर गल्ली.
ऊब देणारा बल्ब एकाच कोपऱ्यात, जाळीच्या बाहेरून,
म्हणजे सावलीत सरकायला त्याला जागा राहते.
पहिल्या दिवशी माझा दिवा चार बोटं खाली आला.
तात्या तिथून हलला नाही.
भाजलं तरी यांना उशिरा कळतं.
नटांचंही तेच, स्पॉट सोडवत नाही.
दिवा वर घेतला.

रंगाबद्दल लोक उगाच नावं ठेवतात.
सकाळी काळपट पडतो तो, कारण थंडी वाजते.
ऊब लागली की हिरवा, बाजूने पिवळे पट्टे.
मी जिलेटीनचे कागद लावून
धडधाकट माणसांच्या तोंडावर मरण आणलंय.
याचे कागद कातडीच्या आत.
नसलेली थंडी त्याला दाखवता येत नाही.

पंचाईत झाली ट्यूबची.
अतिनील. डोळ्याला कळत नाही,
पण हाडं त्यावरच उभी राहतात.
खिडकीतलं ऊन आहे की, म्हटलं मी.
नाही म्हणे, काच नेमकं तेवढंच अडवते.
वर ही ट्यूब वर्षभरात बदलायची, पेटत असली तरी.
पेटते आहे आणि आतलं संपलंय, हे ओळखायचं कसं?
पट्टीवर पेन्सिलीनं तारीख लिहून ठेवली.

विंगेत डबा घेऊन उभी राहायची मालती.
तिथे माझा एकही दिवा नव्हता.

गुरुवारी वीज जाते.
तेव्हा तात्या पिंजऱ्यासकट गॅलरीत, अर्ध्यावर गोणपाट.
एक डोळा घारीवर, दुसरा माझ्यावर.
दोघांपैकी कोणाचं भय जास्त, हे चेहऱ्यावरून कळत नाही.
दिग्दर्शक असतो तर विचारलं असतं.

संध्याकाळी साडेसहाला टायमर टक् करतो.
रात्री लाल दिवा नाही, निळा नाही.
ब्लॅकआउटमध्येसुद्धा आम्ही विंगेत चोरटा एक ठेवायचो,
कोणी ठेचकाळू नये म्हणून. याला तोही नको.
ऋजुताचा फोन येतो, झोपला का?
मी कुजबुजत सांगतो, हो, पेरूच्या वरच्या फांदीवर,
अगदी फिका पडलाय.
आणि तुम्ही, आजोबा?

टायमर तसा चोख आहे, महिन्यात एक मिनिट चुकला नाही.
तरी पहाटे सव्वासहाला मी स्विचपाशी उभा असतो.
पहिला क्यू अजून सोडवत नाही.