पहाऱ्याची वही

या हिवाळ्यात लसूण महागला
आणि गावाला झोप येईनाशी झाली.

आधी गंभीरच्या काठावरून तिघांच्या मोटारी गेल्या.
मग तांब्याची केबल, शंभर फूट,
सोलून वरचं रबर तिथंच टाकलेलं
उसाची चिपाडं टाकावीत तसं.
मग शाळेत बैठक. चार-चार जणांची पाळी.
काठी पंचायतीची, शिट्टी पंचायतीची,
बॅटरी ज्याची त्यानं आणायची.

चार पिढ्या झाल्या, अजून आमच्या घराला
दक्षिण्यांचं घर म्हणतात.
यादीत मात्र नाव सगळ्यांसारखंच: मंगळवार.
मी, बापूसिंग, रईस टेलर
आणि पाटीदारांचा लोकेंद्र,
जो चालता चालता पटवारी परीक्षेची उत्तरं पुटपुटतो.

दर तासाला विजेच्या खांबावर काठी मारायची.
एक ठोका: जागे आहोत.
दोन: या.
तीन: धावत या.
तीन अजून कुणी वाजवले नव्हते.

पावणेतीनला अंबारामच्या माळ्यावर उजेड हलला.
बापूसिंगनं दगड उचलला.
रईसनं शिट्टी ओठांत धरली, फुंकली नाही.
नंतर म्हणाला,
त्या शिडीची तिसरी पायरी तुटकी आहे
आणि चोर अंधारात ती बरोबर ओलांडून उतरला.

"कुण हे?"

"म्हारोई घर हे," अंधार म्हणाला.

केसरबाई. अंबारामची आई.
डोक्यावर पोतं,
आवाज नको म्हणून चपला कमरेला खोचलेल्या.

नवरा गेल्यावर अठरा बिघे तिच्या आणि पोरांच्या नावावर आले होते.
सांवेरच्या तहसिलीत तिनं अंगठा दिला,
शेजारी सुगनाला बसवून तिचाही देववला.
हक्क सोडला, असं कागदावर.
तेव्हापासून सुगना माहेरी येते ती
चहा पिऊन जाणाऱ्या पाहुणीसारखी.

"जवाई पडून आहे," म्हणाली. तेवढंच.
पोतं काही खाली ठेवेना.

कायदा काय म्हणतो मला ठाऊक नाही.
वही काय विचारते तेवढं ठाऊक:
तारीख, वेळ, काय दिसलं, सही.
तिनंच लावलेला लसूण, तिनंच निंदलेला,
पात वळून जुड्याही तिनंच बांधलेल्या.
मालक आत घोरत होता
आणि दारावरचा कॅमेरा
आम्हा पाचही जणांना सारखंच बघत होता.

"तीन ठोके?" लोकेंद्रनं विचारलं.
बापूसिंग, ज्यानं बहिणीची सही
तहसिलीतल्या त्याच टेबलावर घेतली होती,
बराच वेळ खिशात विडी शोधत राहिला.
विडी त्याच्या कानावर होती.

मी मोटरसायकल आणली.
वेशीपर्यंत बंदच ढकलली.
मागं पोतं, पोत्यामागं केसरबाई.
"चाल करो अबे," ती म्हणाली, तेव्हा किक मारली.
अकरा किलोमीटर, खड्डे धरून जास्तच,
तिनं एकदाही माझा खांदा धरला नाही.
दोन्ही हात पोत्यावर.
सुगनाच्या दाराशी त्या काय बोलल्या, ऐकलं नाही.
मी लांब उभा राहून आरसा पुसत होतो,
आरशात काही दिसत नसताना.

पाच वाजता रईसनं वहीत लिहिलं: सब ठीक.
थोडं थांबून खाली: एक मांजर.
चौघांनी सह्या केल्या.
बापूसिंगची जरा मोठी आली.

सकाळी अंबाराम जुड्या मोजत होता,
चुकत होता, पुन्हा मोजत होता.
कॅमेऱ्यातलं त्याला बघता येत नाही,
पासवर्ड लोकेंद्रनं घालून दिलाय
आणि लोकेंद्र म्हणतो, तो विसरला.

पुढच्या बैठकीत ठरलं,
आणखी एक कॅमेरा, वेशीवर.
घरटी दोनशे.

पदराची गाठ सोडून
केसरबाईनं पैसे दिले,
सगळ्यांच्या आधी.