तीन पावलं

आई मानोऱ्याच्या बाजारात बांगड्यांचं दुकान लावते.
दुकान म्हणजे ताडपत्री, दोन बांबू
आणि एक लोखंडी पेटी,
जिच्या झाकणावर माझ्या पहिलीतल्या खडूची रेघ अजून आहे.
सव्वादोन, अडीच, पावणेतीन,
हात पाहिला की माप सांगते.
चेहरा नंतर पाहते.

"परवडत नाई व माय, काचेलेच एवढे गेले."
गिऱ्हाईक उठलं तरी ती वर बघत नाही,
मनात पावलं मोजते.
एक. दोन.
हाक तिसऱ्याला मारायची.
दुसऱ्याला मारली तर माल पडेल वाटतो,
चौथ्याला मारावी तर गिऱ्हाईक
मजीदभाईच्या गाडीवर पोचलेलं असतं.

अशा बाईला घेऊन मी अमरावतीला गेले,
फार्मसीच्या कॉलेजात.
पिशवीत उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर,
प्लास्टिकमध्ये घातलेली बारावीची गुणपत्रिका,
आणि अकोल्याच्या कॉलेजचं पत्र:
वसतिगृह शुल्क माफ.
कारंजाला बस बदलताना मी तिला बजावलं,
पत्र लगेच काढायचं नाही.
"मले शिकवून राह्यली तू?"

खरबडे सर संस्थेचे सचिव.
टेबलाच्या काचेखाली पाच वर्षांची कॅलेंडरं.
म्हणाले, निम्मी फी तर सरकारच भरतं,
विकास शुल्क, मेस, हे आमच्या हातात नाही.
"ताई, आम्हालाच परवडत नाही हो."

आईनं मान वर केली.
ते वाक्य तिचं होतं.
वीस वर्षं वापरून गुळगुळीत झालेलं,
आज पहिल्यांदा समोरून आलं.
त्यात खरं किती, खोटं किती,
हे त्या खोलीत फक्त दोघांनाच ठाऊक होतं.

मी पत्र काढलं. घाईच झाली.
"सर, अकोल्याला होस्टेल..."
"मग अकोल्यालाच जा ना," सर हसून म्हणाले.
अगदी तसं, जसं आई म्हणते,
मंग तिकडूनच घे व बाई.

ती उठली. मीही.
एक.
दोन.
तिसरं तिनं लांबवलं,
दारातली चप्पल सरळ करायच्या निमित्तानं.
वर पंखा.
चौथं. पाचवं.
जिन्यात शिपाई चहा घेऊन वर चालला होता,
त्यानं अंग चोरून आम्हाला वाट दिली.

स्टँडवर दोघींत एक समोसा.
"त्याचा माल खपते," आई म्हणाली,
"खपणाऱ्या मालाले घासाघीस नसते."
मग कितीतरी वेळानं, हिरवी मिरची चावून,
"पण तुहा बी खपते.
अठ्ठ्याऐंशी टक्के काय रस्त्यावर पडले हायेत?"

बडनेरा मागं पडलं तेव्हा फोन आला.
मेसचे नऊ हजार सोडू, हमीपत्र द्या,
रोज संध्याकाळी दोन तास ग्रंथालयात बसावं लागेल.
मी आईकडे पाहिलं.
तिनं पंजा उघडला, मिटला, पुन्हा उघडला.
दहा माग, की थांब, की हो म्हण,
मला अजून कळलेलं नाही.
मी म्हणाले, "सर, डिपॉझिट हप्त्यानं घ्याल?"
पलीकडून काहीच नाही.
बसल्या जागी, त्या खडखडाटात
मी पावलं मोजायला लागले.
"बघू," ते म्हणाले. "सोमवारी या."

पुढच्या बाजाराला एक पोर आली, माझ्याच वयाची.
हिरव्या बांगड्यांचं डझन हातात धरून
"तिकडं तं तीसले देतात" म्हणाली.
मी आईच्या तोंडाकडे बघत बसले.
आई काहीच बोलली नाही.
तिनं पोरीचा हात ओढून घेतला,
अंगठ्याखालचं हाड दाबत दाबत
पहिली बांगडी चढवायला लागली.
"माप लहान हाय तुहं," म्हणाली,
"दुखलं तं सांगजो."