फुंकर

सेवान सरोवराच्या वरच्या अंगाला
वार्दगेसच्या अंगणात मी दगड धरायचो.
तो क्रूस कोरी. तुम्ही पाहता तसे नव्हेत:
आम्हा आर्मेनियन लोकांच्या क्रुसावर
सहसा देह नसतो, खिळे नसतात.
चारी टोकांना कळ्या, बुंध्याशी बी,
आणि बीमधून दोहो अंगांना उसळलेली पानं.
मारायचं लाकूड होतं, ते रुजलं.
एवढंच, तो म्हणे. बाकी दगडावर सोड.

नुवार्द आली तेव्हा कुंपणाशी बर्फ होतं अजून.
अर्शविर तिचा, खाणीत गाडला गेलेला,
तिसऱ्या दिवशी काढला.
तिसऱ्या दिवशी, ती पुन्हा म्हणाली,
पण उठला नाही.
तिने दगडावर हात फिरवला,
पानापानावरून, आंधळ्यासारखा.
फार सुंदर झालंय, म्हणाली.
याला दुखलं कुठे?

पाद्र्यांनी तिला सांगितलं होतं,
त्याने आपलं ऋण फेडलं.
कुणाचं? कुणाला?
माझ्या दारात तर दुकानदार अजून वही घेऊन येतो.

त्या रात्री वार्दगेस जेवला नाही.
पहाटे दिवा घेऊन मला उठवलं.
टाकीचे घाव सोसल्याशिवाय
देवपण येत नाही, म्हणतात ना,
इथे उलटं झालंय, पोरा.
देवपण होतंच.
घाव सोसले ते माणूसपण यावं म्हणून.

मग सगळ्यात बारीक टाकी घेतली
आणि पानांच्या जाळीत,
शोधल्याशिवाय दिसू नयेत अशी
चार भोकं पाडली,
आत उतरती, करंगळीचं टोक जाईल एवढी.
चौथ्याला त्याचा हात कापला.
म्हातारा झाला होता, तेही असेल.

पाद्र्यांनी दगड पाण्याने धुतला, मग द्राक्षारसाने.
द्राक्षारस भोकांत साचून राहिला.
त्यांनी पाहिलं.
तेलाचं बोट लावताना तिथे जरा थांबलं.
बोलले काही नाहीत.

आता वार्दगेस नाही. टाक्या माझ्याकडे आहेत.
दर शुभ शुक्रवारी नुवार्द चढण चढून येते,
काठी दगडाला टेकवते,
भोकांतलं बर्फ नखाने उकरते,
आणि मग तोंड जवळ नेऊन
हळूच फुंकर घालते,
पडून आलेल्या पोराच्या गुडघ्यावर घालावी तशी.
एकेका भोकाला. चारही.

तारण म्हणजे काय, मला विचारू नका.
मी दगड धरणारा.
मी पाहिलंय ते एवढंच:
एक बाई देवाला फुंकर घालते
आणि उशीर झाला म्हणत
चूल पेटवायला घरी जाते.