वस्ती : एक

नातू म्हणाला, पहिल्याच चालीत शहर बसव, आजोबा,
थांबलास की तोटा.
मी माझ्या वसाहतवाल्यांना सात चाली चालवलं.
एक झाकलेली गाडी, मागे तीन ठिपक्यांएवढी माणसं,
कुरकुर न करता उत्तरेकडे.

अडतीस वर्षं जमीन मोजली आहे मी काइनूच्या जंगलात,
आधी साखळीने, मग दुर्बिणीने, शेवटी उपग्रहाने.
दलदल कुठे माणूस गिळते आणि कुठे नुसता बूट,
हे डोळ्यांआधी माझ्या पायांना कळतं.
मला कोण शिकवणार, नदी बघ, गहू बघ, टेकडी बघ?

एएली शिकवतो. वय अकरा.
ओउलुहून, फोनवर, तोंडात काहीतरी चघळत :
गोडं पाणी हवंच. गव्हाचे दोन चौकोन हवेत.
माणशी दोन घास लागतात,
उरलेलं कोठारात जातं,
कोठार भरलं की माणूस एकाने वाढतो.
एवढंच आहे, आजोबा.

एवढंच.
नाचायला कुणी कुणाला विचारायचं नाही,
सुईणीची गाडी बर्फात रुतायची नाही,
कोठार भरलं की एक.

मी शहर बसवलं तळ्याकाठी, टुंड्रात.
एक हरीण, एक मासा, बाकी सगळं पांढरं.
इथे का, त्याने विचारलं.
इथून संध्याकाळ चांगली दिसेल असं वाटलं.
पडद्यावर संध्याकाळ होतच नाही, हे नंतर कळलं.
नाव ठेवलं ल्यूली. बायकोचं.
तिला विचारलं नाही. विचारायला ती नव्हती.

चाळीस चालींनी एएलीची राजधानी तेरावर,
बंदर नऊवर, आणि खाणीपाशी कसलंसं धुरकट सहा.
माझी ल्यूली : एक.
खाली बारीक अक्षरात : पुढची वाढ एकशे बारा चालींनी.
मला घाई नाही.

एक गोष्ट मात्र मी स्वतःच हेरली.
गाडी तयार होऊन वेशीबाहेर पडली
की मागे शहराचा आकडा एकाने उतरतो.
तेराचे बारा. मुकाट्याने.
हा नियम मला समजावून सांगावा लागला नाही.
तापानी बसमध्ये चढला तेव्हा मी थांब्यावरच उभा होतो.
मग रौनी गेली, मग औषधांचं दुकान,
मग शाळा, तिच्या खिडक्यांवरचे कागदी तारे तसेच ठेवून.

आता मंगळवारी पावाची गाडी येते. आठ पाव आणते.
तीन परत नेते.
म्हणजे आमच्याकडे अन्न उरतं, तरी माणूस वाढत नाही.
तुझ्या नियमात हे बसत नाही, मी एएलीला म्हणालो.
तो जरा गप्प राहिला. चघळणंही थांबलं.
मग तिथे सुख कमी असेल, तो म्हणाला,
सुख शून्याखाली गेलं की वाढ थांबते.
बरं आहे की सुख, मी म्हणालो,
लाकूड वाळलंय, सौना तापलाय.
किती आहे, आकडा सांग.
मला आकडा सापडेना.

शुक्रवारी त्याची चाल आली.
फाईल उघडली, तर माझ्या हद्दीशी त्याची गाडी उभी.
आता हा माझ्या उशाशी शहर ठोकणार,
हरीण पळवणार, मासा पळवणार,
पोरगं खेळात दयामाया ठेवत नाही.
फोन केला. तो म्हणाला, सीमा उघड.
कशाला?
उघड तर.

उघडली. चाल फिरून माझ्याकडे आली तेव्हा
गाडी ल्यूलीत शिरून नाहीशी झाली होती.
आकडा : दोन.
त्याच्या तेरातला एक गेला, कुठला, कोण जाणे.
आणि माझा अन्नाचा आकडा लाल.
अरे, दोघांना पुरायचं नाही इथे, मी म्हणालो.
मासा आहे ना? होडी बांध, आजोबा.
पाच चाली लागतील.

होडी आहे माझी. परसात पालथी, दोन हिवाळे झाले.
तळाला डांबर फासायला हवं, एक फळी बदलायला हवी.
मे उजाडेपर्यंत तळं काही सुटत नाही.