जांभा वाजतो

ओहोटीआधी परतायचं ठरवूनच
जयगडच्या खाडीतून वर चढलो,
करवंदीची जाळी अंगावर घेत,
जुनी घाटी जिथे पार रानात बुडालीय तिथवर.

अश्रफ परकारचं यंत्र कुवेतहून आलेलं,
ते जांभ्यालाच भुलायचं.
पावलोपावली किणकिण.
"अरे, डोंगरच लोखंड खाऊन बसलाय!"
त्याने कान पिळून आवाज बारीक केला.
मग बैलाची पत्री,
डुकराच्या शिकारीतलं पितळी काडतूस,
सोड्याच्या बाटलीचं बूच.

शेवटी किंजळीच्या बुडाशी
एक शिवराई, हिरवी पडलेली.
मधे भोक, कुणा पोराच्या गळ्यातली असावी.
भोकातून मूळ आरपार गेलेलं,
सुतळीएवढं,
दोन्हीकडे फुगलेलं, ओलं.

अश्रफने न बघताच हात पुढे केला.
कोयती होडीत राहिली होती.
खाली चिखल उघडा पडत चाललेला.