तात्पर्य

मंगळवारी चौथीची चाचणी.
मी प्रश्न लिहिला: गोष्टीचं तात्पर्य दोन ओळींत लिहा.
मग पेनाचं टोपण चावत बसले.

स्खेमलांग मामा तात्पर्य सांगत नसे.
गोष्ट संपली की सुपारी कातरायचा,
पानाला चुना लावायचा, निम्मं माझ्या तळहातावर.
चघळून होईपर्यंत बोलायचं नाही, एवढाच नियम.
आमच्या डोंगरात अंतरही असंच मोजतात:
ओढा एका विड्यावर, बाजार तीन.
शहाणपण किती विड्यांवर, ते त्यानं मोजलं नसावं.

म्हणायचा, आपली अक्षरं आपण गिळली.
महापुरातून पोहताना दातांत धरली होती,
लाटेनं तोंड उघडलं आणि गेली पोटात.
म्हणून आपण सांगतो.
मी रोज रोमन लिपीत फळा भरते,
बोटं खडूनं पांढरी होतात. त्याची चुन्यानं व्हायची.
लांबून सारखंच दिसतं.

सपाटीवरून चढून आलेल्या हरणाची गोष्ट
त्याला कधी पुरती सांगता आली नाही.
बाण लागतो, तिथवर यायची,
मग आई शोधत येते,
आणि तिचा टाहो ऐकून
शिकाऱ्यांच्या हातातली धनुष्यं खाली येतात.
"त्याआधी आपल्याला रडता येत नव्हतं.
मेलेल्याजवळ नुसते उभे राहायचो."
एवढं बोलून तो कोंबड्या झाकायला उठायचा.
त्याचा धाकटा भाऊ कोळशाच्या बिळात उतरला होता
आणि वर आला नव्हता,
हे मला फार उशिरा कळलं.

मामा गेला तेव्हा तीन रात्री घर जागं होतं.
बायका सुपारी कातरत होत्या, म्हणत होत्या,
आता तो देवाच्या अंगणात विडा खात असेल.
मला रडू फुटलं ते पहाटे, चुलीपाशी.
आवाज माझा नव्हता.
चार पायांनी चढण चढून आला होता.
याला किती गुण?

काल वर्गात झाडाची गोष्ट सांगितली.
आभाळ झाकणारं झाड. माणसं दिवसभर घाव घालायची,
रात्री वाघ येऊन जखम चाटायचा,
सकाळी बुंधा अखंड.
मग मुठीएवढी फ्रेइत येते, चिमणीहून लहान,
सांगते, कुऱ्हाड खाचेतच राहू द्या, पातं बाहेर करून.
वाघाची जीभ कापते. झाड पडतं. उजेड येतो.
इथे मुलं टाळ्या वाजवतात. मीही वाजवायचे.

शेवटच्या बाकावरच्या रिमेकानं,
जिचा बाप चुनखडीच्या खाणीत आहे,
हात वर न करताच विचारलं,
"बाई, फ्रेइतचं घरटं कुठल्या झाडावर होतं?"

तेवढ्यात पलीकडे दुपारचा सुरुंग उडाला.
काचा थरथरल्या. फळ्यावरचा खडू थोडा झडला.
मला काहीतरी कातरत बसावंसं वाटलं.
"माहीत नाही," मी म्हटलं.
तिघी-चौघी खिडकीतून बाहेर बघू लागल्या,
त्या डोंगराकडे, जिथे आता उजेड भरपूर आहे.

प्रश्न खोडलाय.
मंगळवार अजून दोन विड्यांवर.