एक हिरडा जास्त

फॉर्म आला स्वित्झर्लंडहून, तळ्याकाठच्या एका गावातून,
जिथे म्हणे जगातल्या सगळ्या उणे होत जाणाऱ्यांची वही असते.
कॉलेज रोडच्या झेरॉक्सवाल्याने बावीस पाने काढून दिली.
त्र्यंबकच्या बसमध्ये शेजारच्या बाईने विचारले,
जमिनीचे कागद का हो?
म्हटले, तसेच समजा.

अंजनेरीच्या पठारावर छत्री उघडायची सोय नाही, वाराच तसा.
लहानू बेंडकोळी आधीच पोचलेला,
डोक्यावर खताच्या गोणीची खोळ.
कंदीलपुष्प बोटाच्या दोन पेरांएवढे,
गवतात गवत होऊन उभे.
त्याने दाखवले तेव्हा दिसले,
आणि एकदा दिसल्यावर
पुढचे पाऊल कुठे टाकावे कळेना.

रकाना: परिपक्व रोपांची संख्या.
मी वहीत रेघा ओढत होते.
लहानूचा हिशेब वेगळा. रोपाला एक हिरडा,
गोणीतून खिशात.

रकाना: उपयोग.
"खाल्लंय ना. गुरांमागं असताना.
काडीनं उकरायचं, चड्डीला पुसायचं.
सायीसारखं गोड लागतं. खरपुडी म्हणायचो आम्ही."
मी लिहिले: कंद खाद्य. स्थानिक. पूर्वी.
साय कुठे लिहावी ते सुचले नाही.

रकाना: धोके.
विचारायच्या आधीच त्याने हात केला
उतारावर चुन्याने मारलेल्या पट्ट्याकडे,
मग कुरकुऱ्यांच्या रिकाम्या पुड्यांकडे,
मग, जरा थांबून,
आपल्याच शेळ्यांकडे.

"तिकडची यादी लाल असती?"
हो. ज्यांचं फार थोडं उरलंय त्यांची.
"रेशनकार्डावाणी मग. पिवळं, केशरी.
आमचं पिवळ्यातून नाव गेलं तवा
तहसीलला सात खेपा. अजून केशरीच.
हिचं लालमध्ये लागलं तर काय मिळंल? गहू?"
नाव मिळेल, मी म्हणाले.
आणि मग रस्त्याला विचारावं लागेल, इकडून जाऊ का.
"रस्ता इचारतो व्हय?"
तो हसला. मीही हसले.
दोघांचे हसणे एक नव्हते.

एका फुलाच्या नळीत चिलट अडकले होते.
आतल्या केसांनी वाट फक्त खाली जाऊ दिलेली.
मी सांगितले, उद्या केस कोमेजतील, मग सुटेल,
अंगाला फुलाचे काम चिकटवून.
"म्हंजी मुक्कामाला ठेवून घेतलंय," लहानू म्हणाला,
"सर्व्हेला येणाऱ्या माणसांगत."
मी बुटातला चिखल काढण्यात बराच वेळ घालवला.

रकाना: नेमके ठिकाण.
खाली बारीक अक्षरात: चोरीची भीती असल्यास झाकावे.
मी झाकले.
आता त्या वहीत नाशिकवर एक धुरकट डाग आहे, जिल्ह्याएवढा,
त्यात सिडकोतल्या पाण्याच्या टाक्या आल्या,
दिंडोरीकडचे द्राक्षांचे मांडव आले,
गंगापूर रोडचा माझा तिसरा मजलाही आला,
सगळेच अतिदुर्मीळ.

उतरायच्या आधी कातळावर बसून मोजणी केली.
माझ्या रेघा एकशे त्रेसष्ट.
त्याने खिसा उलटा केला, पाचपाचांचे ढीग लावले.
एकशे चौसष्ट.
पुन्हा मोजले. एकशे चौसष्ट.
एक चुकून जास्त पडला का?
"चुकून न्हाई," तो म्हणाला,
आणि पोटावरून हात फिरवला.
"खाल्ली व्हती लई. पण एक तरी धरा."

मी एकशे त्रेसष्टच लिहिले.
त्याने ढीग गोणीत भरले, व्यापाऱ्याला घालायचे होते,
एवढा एक माझ्या हातावर ठेवला.

पोच आली आहे: मूल्यांकन मिळाले, तपासणी सुरू.
हिरडा माझ्या टेबलावर असतो.
पंखा लावला की पाने उडू नयेत
म्हणून तो त्यांच्यावर ठेवते.
वजन पुरत नाही.